मेंदूतील निकोटिनिक ग्राही आणि निवडक रेणूंची रचना : एक विवेचन

सारांश

तंबाखूतील निकोटिन मेंदूतील ज्या प्रथिनांवर क्रिया करते त्यांना निकोटिनिक ग्राही असे म्हणतात. याच कुटुंबातील ग्राही स्नायूंत, स्वायत्त चेतासंस्थेत आणि कीटकांच्या शरीरातही आढळतात. त्यामुळे या ग्राहींसाठी औषध घडविताना रेणू किती घट्ट बसतो यापेक्षा तो कोठे बसत नाही, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरतो. प्रस्तुत लेखात या निवडकतेची रासायनिक कारणे, सायटिसिन व व्हॅरेनिक्लिन यांसारखी औषधे, पुणे व हैदराबाद येथे झालेले रेणू-रचनेचे काम आणि उल्हासनगर-अंबरनाथ-बदलापूर परिसरातील अध्यापनाशी या विषयाचा असलेला संबंध यांचे विवेचन केले आहे.

बीजसंज्ञा : निकोटिनिक ग्राही, ॲसिटिलकोलिन, निवडकता, अंशतः क्रियाकारक, अन्यस्थानी नियंत्रक, धूररहित तंबाखू.

१. प्रस्तावना

मध्य रेल्वेच्या मार्गावर कल्याण सोडल्यानंतर येणारी उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर ही शहरे रसायन उद्योगाशी दीर्घकाळ जोडलेली आहेत. अंबरनाथची मोरिवली आणि बदलापूरची माणकिवली ही औद्योगिक क्षेत्रे येथील रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यांना नावानिशी ठाऊक असतात, कारण पदवीनंतरची पहिली नोकरी अनेकदा तेथेच मिळते. औषधी रेणू म्हणजे काय, त्याची रचना अमुक प्रकारेच का केली जाते आणि उत्पादनातील एखाद्या अशुद्धीने त्या रचनेचा हेतू कसा विफल होतो, हे प्रश्न या विद्यार्थ्यांसाठी केवळ परीक्षेपुरते नाहीत.

दुसरी बाब तंबाखूची आहे. जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणाच्या २०१६-१७ च्या फेरीनुसार महाराष्ट्रातील १५ वर्षे व त्यावरील वयाच्या २६.६ टक्के व्यक्ती कोणत्या ना कोणत्या स्वरूपात तंबाखूचे सेवन करीत होत्या. यांपैकी धूम्रपान करणाऱ्यांचे प्रमाण ३.८ टक्के, तर धूररहित तंबाखू वापरणाऱ्यांचे प्रमाण २४.४ टक्के होते. अर्थात आपल्या राज्यात निकोटिन मेंदूपर्यंत पोहोचते ते प्रामुख्याने मळलेली तंबाखू, गुटखा, मावा व मशेरी यांच्या वाटेने. व्यसनमुक्तीच्या औषधांवरील बहुतांश संशोधन मात्र सिगारेट ओढणाऱ्यांवर झालेले आहे. ही तफावत लक्षात ठेवूनच पुढील विवेचन वाचावे लागेल.

प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत :
(१) निकोटिनिक ग्राहीची रचना व कार्य विविध विद्याशाखांतील अध्यापकांना समजेल अशा रीतीने मांडणे.
(२) निवडक रेणू घडविण्याच्या प्रमुख पद्धती प्रत्यक्ष उदाहरणांनी स्पष्ट करणे.
(३) या विषयाचा स्थानिक आरोग्य, उद्योग व अध्यापन यांच्याशी असलेला संबंध दाखविणे.

हा लेख प्रसिद्ध झालेल्या संशोधनाच्या वाचनावर आधारलेला असून त्याचे स्वरूप विवेचनात्मक आहे.

२. ग्राही या संकल्पनेचा विकास

निकोटिन हे अल्कलॉइड १८२८ मध्ये हायडेलबर्ग येथे पोसेल्ट व रायमन यांनी तंबाखूपासून वेगळे केले. ते शरीरात कशावर क्रिया करते, या प्रश्नाचे पहिले समर्पक उत्तर केंब्रिजचे शरीरक्रियाशास्त्रज्ञ लँगली यांनी १९०५ मध्ये दिले. कोंबडीच्या स्नायूकडे जाणारी चेता नष्ट झाल्यानंतरही निकोटिनने स्नायू आकुंचन पावतो आणि क्युरारे या विषाने ते आकुंचन थांबते, असे त्यांनी दाखविले. यावरून स्नायूच्या पेशीतच एखादा ‘ग्रहणशील पदार्थ’ असला पाहिजे असा निष्कर्ष त्यांनी काढला. आजच्या ग्राही या संकल्पनेचा उगम तेथे आहे.

पुढे हेन्री डेल यांनी १९१४ मध्ये ॲसिटिलकोलिनच्या क्रियांचे मस्करिनसदृश व निकोटिनसदृश असे दोन गट पाडले. ऑटो लोवी यांनी १९२१ मध्ये बेडकाच्या हृदयावरील प्रयोगांतून चेतांमधील संदेश रासायनिक पदार्थाद्वारे वाहून नेला जातो हे सिद्ध केले. या दोघांना १९३६ चे नोबेल पारितोषिक विभागून देण्यात आले.

ग्राही प्रत्यक्ष हाती लागण्यासाठी मात्र सापाच्या विषाची मदत घ्यावी लागली. तैवानमधील चँग व ली यांनी १९६३ मध्ये तेथील मण्यार जातीच्या सापापासून अल्फा-बंगारोटॉक्सिन हे विष वेगळे केले. ते निकोटिनिक ग्राहीला इतके घट्ट चिकटते की त्याचा उपयोग ग्राही ओढून काढणाऱ्या आकड्यासारखा करता आला. फ्रान्समधील शाँजो यांनी १९७० मध्ये विद्युत ईल या माशाच्या अवयवातील ग्राही या विषाच्या साहाय्याने ओळखला. आपल्याकडील नागाच्या विषातही याच प्रकारची प्रथिने असतात. नागदंशानंतर पापण्या जड होणे, गिळता न येणे आणि श्वसनाचे स्नायू निकामी होणे या लक्षणांचे कारण स्नायूंतील निकोटिनिक ग्राही अडविले जाणे हेच होय. ग्रामीण भागातील ज्या घटनेकडे आपण केवळ अपघात म्हणून पाहतो, तिच्याच रसायनशास्त्रातून मेंदूविज्ञानाचे एक मोठे दालन उघडले.

३. ग्राहीची रचना व कार्य

निकोटिनिक ग्राही हे पाच उपएककांचे बनलेले प्रथिन आहे. ही पाच उपएकके पिंपाच्या फळ्यांप्रमाणे वर्तुळाकार उभी राहतात व त्यांच्या मध्यभागी आयनांसाठी मार्ग तयार होतो. दोन शेजारच्या उपएककांच्या सांध्यात ॲसिटिलकोलिन बसण्याची पोकळी असते. तेथे ॲसिटिलकोलिन बसले की काही मिलिसेकंदांसाठी मार्ग उघडतो, सोडियम व कॅल्शियमचे आयन पेशीत शिरतात आणि चेतापेशी उद्दीपित होते. त्यानंतर ॲसिटिलकोलिनेस्टरेज हे विकर ॲसिटिलकोलिनचे विघटन करते व संदेश संपतो.

निकोटिन या पोकळीत बसू शकते, परंतु वरील विकर त्याचे विघटन करू शकत नाही. ते रक्तात सुमारे दोन तासांच्या अर्धायुष्याने रेंगाळते. सतत निकोटिन मिळत राहिल्यास ग्राही प्रतिसाद देईनासा होतो. या अवस्थेस असंवेदीकरण म्हणतात. दीर्घकाळ असे घडत राहिले की मेंदूतील अशा ग्राहींची संख्या वाढते. रात्रभर निकोटिन न मिळालेल्या मेंदूत सकाळी हे वाढलेले ग्राही पुन्हा संवेदनक्षम झालेले असतात आणि दिवसाच्या पहिल्या विड्याची ओढ तीव्र असते, ती याच कारणाने. व्यसन म्हणजे केवळ मनाचा दुबळेपणा, असे मानणाऱ्यांनी ही यंत्रणा समजून घेणे आवश्यक आहे.

मानवात या ग्राहीच्या उपएककांची १६ जनुके आहेत. त्यांच्या निरनिराळ्या जुळण्यांतून निरनिराळे उपप्रकार तयार होतात. प्रमुख उपप्रकार असे :

(अ) स्नायूंतील ग्राही : प्रौढ व्यक्तीत अल्फा-१, बीटा-१, डेल्टा व एप्सिलॉन या उपएककांचा बनलेला. हालचाल व श्वसन त्यावर अवलंबून असते.
(आ) स्वायत्त चेतागंडिकांतील ग्राही : प्रामुख्याने अल्फा-३ बीटा-४ प्रकारचा. रक्तदाब, हृदयगती व आतड्यांची हालचाल यांच्याशी संबंधित.
(इ) मेंदूतील अल्फा-४ बीटा-२ : निकोटिनविषयी सर्वाधिक आकर्षण असलेला. निकोटिनमुळे डोपामाइन स्रवते व सुखाची जाणीव होते ती मुख्यतः याच्याद्वारे.
(ई) मेंदूतील अल्फा-७ : एकाच प्रकारच्या पाच उपएककांचा. स्मृती व अवधान यांच्याशी संबंधित असलेल्या हिप्पोकॅम्पस या भागात विपुल.

अल्फा-४ बीटा-२ चे महत्त्व उंदरांवरील प्रयोगांतून स्पष्ट झाले. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात बीटा-२ उपएककाचे जनुक काढून टाकलेल्या उंदरांनी निकोटिन स्वतःहून घेत राहण्याचे वर्तन टिकविले नाही. पाच उपएककांपैकी एक प्रकार नाहीसा झाला आणि व्यसनाचा आधारच ढासळला.

औषधाच्या दृष्टीने अडचण येथेच आहे. वरील सर्व उपप्रकारांतील पोकळी जवळजवळ सारखी असते, कारण सर्वांना एकच ॲसिटिलकोलिन ओळखावयाचे असते. मेंदूसाठी घडविलेला रेणू गंडिकांतही बसला तर रक्तदाब बिघडतो आणि स्नायूंत बसला तर श्वास अडतो.

४. एक धनप्रभार आणि एक ॲमिनो आम्ल

तंबाखू खाणाऱ्याच्या मेंदूवर परिणाम होतो, मग त्याचे स्नायू का आखडत नाहीत? स्नायूंतही निकोटिनिक ग्राही असतोच. या साध्या प्रश्नात निवडकतेचे मर्म दडलेले आहे.

निकोटिनच्या रेणूतील पायरोलिडिन वलयावरील नायट्रोजन प्रोटॉन स्वीकारून धनप्रभारित होतो. त्याचा आम्लता स्थिरांक ८ च्या आसपास आहे. तंबाखू मळताना चुना घालण्याच्या रीतीमागे हेच रसायनशास्त्र आहे. चुन्यामुळे तोंडातील माध्यम अल्कधर्मी होते, निकोटिन प्रभाररहित अवस्थेत येते आणि गालाच्या आतील त्वचेतून झपाट्याने शोषले जाते. रक्तात त्याचा मोठा भाग पुन्हा धनप्रभारित होतो. उरलेला प्रभाररहित भाग मेंदूभोवतीचा अडसर ओलांडतो आणि ग्राहीच्या पोकळीत बसताना मात्र निकोटिन धनप्रभारितच असावे लागते. पारंपरिक व्यवहारातील चुन्याची चिमूट आणि पदवी वर्गातील आम्ल-अल्क समतोल यांचा असा थेट संबंध आहे.

पोकळीच्या भिंतीत ट्रिप्टोफॅन या ॲमिनो आम्लाचे सपाट वलय असते. धनप्रभार व या वलयावरील इलेक्ट्रॉनांचा ढग यांच्यात आकर्षण निर्माण होते. कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील संशोधकांनी २००९ मध्ये असे दाखविले की मेंदूतील अल्फा-४ बीटा-२ ग्राहीत निकोटिन व ट्रिप्टोफॅन यांच्यातील हे आकर्षण प्रबळ असते, स्नायूंतील ग्राहीत ते जवळजवळ नसते. हे ट्रिप्टोफॅन दोन्ही ठिकाणी सारखेच आहे. फरक आहे तो त्याच्या जवळच्या एका जागेवर : मेंदूतील ग्राहीत तेथे लायसिन आणि स्नायूंतील ग्राहीत ग्लायसिन. ते ॲमिनो आम्ल निकोटिनला स्वतः स्पर्श करीत नाही, परंतु पोकळीची घडण बदलते. शेकडो ॲमिनो आम्लांच्या साखळीतील एका जागेवरील हा फरक नसता, तर तंबाखू व्यसन म्हणून टिकलीच नसती, कारण मेंदूला सुखावणारी मात्रा स्नायूंना झेपली नसती.

निवडक रेणू घडविणारा रसायनशास्त्रज्ञ असेच फरक शोधत असतो. गोगलगायीपासून मिळालेल्या, ग्राहीशी साम्य असणाऱ्या प्रथिनाची संरचना २००१ मध्ये उलगडली आणि मानवी अल्फा-४ बीटा-२ ग्राहीची क्ष-किरण संरचना २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यामुळे पूर्वी अंदाजाने केले जाणारे काम आता संरचनेच्या आधारे करता येते.

५. एकच घटक, तीन भिन्न रेणू

निवडकता रेणूच्या कोणत्या भागात असते, हे समजण्यासाठी क्लोरोपिरिडिन वलय असलेल्या तीन रेणूंची तुलना उपयुक्त ठरते.

पहिला रेणू एपिबॅटिडिन. अमेरिकेतील जॉन डेली यांनी इक्वेडोरमधील विषारी बेडकाच्या त्वचेपासून मिळविलेल्या या पदार्थाची संरचना १९९२ मध्ये प्रसिद्ध झाली. उंदरांवरील चाचण्यांत तो मॉर्फिनपेक्षा सुमारे २०० पट प्रभावी वेदनाशामक ठरला. परंतु तो मेंदू, गंडिका व स्नायू या सर्व ठिकाणच्या ग्राहींवर क्रिया करतो. वेदना थांबविणारी मात्रा व जीवघेणी मात्रा यांत फारसे अंतर नसल्याने तो औषध होऊ शकला नाही.

दुसरा रेणू इमिडाक्लोप्रिड. १९९१ पासून बाजारात आलेले व महाराष्ट्रातील कापूस उत्पादकांना परिचित असलेले हे कीटकनाशक. त्यात क्लोरोपिरिडिन आहे, परंतु निकोटिनमधील धनप्रभारित नायट्रोजनाच्या जागी इलेक्ट्रॉन ओढून घेणारा नायट्रो गट आहे. कीटकांच्या ग्राहीत या ऋणस्वरूपी टोकाला धरून ठेवणारी ॲमिनो आम्ले आहेत, सस्तन प्राण्यांच्या ग्राहीत तशी अनुकूल जुळणी नाही. परिणामी हा रेणू माणसापेक्षा कीटकाला कितीतरी अधिक घातक आहे. तथापि कीटकांत मधमाशीही येते. युरोपीय संघाने २०१८ मध्ये इमिडाक्लोप्रिडसह तीन निओनिकोटिनॉइडांच्या खुल्या शेतातील वापरावर बंदी घातली. निवडकता ही नेहमी कोणाच्या तरी तुलनेत असते, हा धडा येथे मिळतो.

तिसरा रेणू हैदराबादचा. तेथील सुवेन लाइफ सायन्सेस या संस्थेने एसयूव्हीएन-९११ अर्थात रोपॅनिकँट हा रेणू घडविला व त्याचा तपशील २०२० मध्ये प्रसिद्ध केला. त्यातही क्लोरोपिरिडिन आहे. मात्र ते ऑक्सिजनच्या दुव्याने एका आखूड, ताठ द्विवलयी अमाइनला जोडलेले आहे. हा रेणू अल्फा-४ बीटा-२ ग्राही उघडत नाही, तो अडवितो. नैराश्यावरील औषध म्हणून त्याचा विकास करण्यात आला असून मानवी चाचण्यांच्या दुसऱ्या टप्प्यापर्यंत तो पोहोचला.

बेडकाचे विष, कपाशीवरील कीटकनाशक आणि नैराश्यावरील संभाव्य औषध या तिन्हींत एकच वलय आहे. रेणूचा परिणाम त्या वलयातून ठरत नाही. प्रभाराचे स्थान, दोन टोकांमधील अंतर आणि सांगाड्याचा ताठपणा यांतून तो ठरतो. विद्यार्थ्यांना ‘क्रियाशील गट’ पाठ करावयास लावताना ही मर्यादा सांगणे आवश्यक आहे.

६. अंशतः क्रियाकारक : सायटिसिन व व्हॅरेनिक्लिन

ग्राही पूर्ण उघडणाऱ्या रेणूला क्रियाकारक आणि तो अडविणाऱ्याला प्रतिरोधक म्हणतात. यांच्या दरम्यानचा एक प्रकार आहे : तो ग्राहीत घट्ट बसतो, परंतु त्याला थोडेच कार्यान्वित करतो. हा अंशतः क्रियाकारक होय. व्यसनमुक्तीसाठी तो दुहेरी उपयोगी पडतो. एकीकडे थोडेसे डोपामाइन मिळत राहिल्याने तलफेची तीव्रता कमी होते. दुसरीकडे जागा आधीच व्यापलेली असल्याने तंबाखू घेतली तरी निकोटिनला पूर्ण परिणाम साधता येत नाही.

निसर्गात असा रेणू उपलब्ध होता. लॅबर्नम या वनस्पतीतील सायटिसिन हे अल्कलॉइड बल्गेरियात १९६४ पासून धूम्रपान सोडण्यासाठी औषध म्हणून वापरले जात आहे. पोलंडमध्ये झालेल्या व २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत वर्षभरानंतर धूम्रपानापासून दूर राहिलेल्यांचे प्रमाण सायटिसिन घेणाऱ्यांत ८.४ टक्के आणि औषधविरहित गोळी घेणाऱ्यांत २.४ टक्के होते. फरक स्पष्ट आहे. तितकेच स्पष्ट हेही आहे की औषध घेऊनही बहुसंख्य लोक वर्षभर टिकू शकले नाहीत.

सायटिसिनच्या सांगाड्यावरून प्रेरणा घेऊन फायझर कंपनीच्या रसायनशास्त्रज्ञांनी व्हॅरेनिक्लिन घडविले. अमेरिकेत त्यास मे २००६ मध्ये मान्यता मिळाली. त्याची ‘निवडक’ ही ख्याती मात्र काळजीपूर्वक समजून घ्यावी लागते. अल्फा-४ बीटा-२ वर अंशतः क्रियाकारक असलेला हा रेणू अल्फा-७ वर पूर्ण क्रियाकारक आहे. निकोटिनिक ग्राहीच्याच विस्तारित कुटुंबातील एका सेरोटोनिन ग्राहीवरही तो काही प्रमाणात क्रिया करतो. मळमळ हा त्याचा सर्वाधिक आढळणारा दुष्परिणाम आहे. मानसिक दुष्परिणामांच्या शंकेमुळे २००९ मध्ये अमेरिकेत त्यावर ठळक इशारा छापणे बंधनकारक झाले होते. आठ हजारांहून अधिक व्यक्तींवरील मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाल्यानंतर त्याच वर्षी डिसेंबरमध्ये तो इशारा काढून टाकण्यात आला. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये व्हॅरेनिक्लिनचा अत्यावश्यक औषधांच्या यादीत समावेश केला.

७. दुसऱ्या जागेचा शोध : अल्फा-७ आणि पुण्यातील संशोधन

पोकळी सर्वत्र सारखी असेल तर पोकळीच सोडून द्यावी, असा विचार पुढे आला. ग्राहीवर इतरत्र, जेथे उपप्रकारांतील फरक अधिक आहेत, तेथे बसणाऱ्या रेणूस अन्यस्थानी नियंत्रक म्हणता येईल. असा धन नियंत्रक स्वतः ग्राही उघडत नाही. शरीराचे स्वतःचे ॲसिटिलकोलिन येईल तेव्हाच त्याचा परिणाम तो वाढवितो. ध्वनिवर्धक जसा गायकाविना गात नाही, तसे हे आहे. मेंदूच्या नैसर्गिक संदेशांची लय यात टिकून राहते.

अल्फा-७ ग्राही या पद्धतीस अनुकूल आहे. तो क्षणभरच उघडतो व लगेच असंवेदी होतो. स्किझोफ्रेनिया व अल्झायमर या विकारांतील आकलनाच्या अडचणींशी त्याचा संबंध जोडला गेल्यामुळे त्याच्यावर क्रिया करणारे अनेक रेणू तयार झाले. थेट पोकळीत बसणारा एन्सेनिक्लिन हा रेणू तिसऱ्या टप्प्यापर्यंत गेला, परंतु २०१५-१६ मध्ये पचनसंस्थेचे गंभीर दुष्परिणाम व परिणामकारकतेचा अभाव यांमुळे तो प्रयत्न संपुष्टात आला.

याच क्षेत्रात महाराष्ट्रातील काम उल्लेखनीय आहे. पुण्याजवळ मुळशी तालुक्यातील नांदे येथील ल्युपिन कंपनीच्या संशोधन केंद्रातील शास्त्रज्ञांनी अल्फा-७ चा धन नियंत्रक असलेला, तोंडावाटे देता येणारा व मेंदूत पोहोचणारा एलएल-०००६६४७१ हा रेणू २०२० मध्ये जर्नल ऑफ मेडिसिनल केमिस्ट्री या नियतकालिकात प्रसिद्ध केला. त्याआधी, २००९ मध्ये, अमेरिकेतील ॲबट कंपनीने ए-८६७७४४ हा रेणू प्रसिद्ध केला होता. दोहोंत क्लोरोफिनाइल, मिथाइल, प्रोपिओनिल आणि बेंझिनसल्फोनामाइड हे गट समान आहेत. अमेरिकेतील रेणूचे मधले वलय पायरोलचे, तर पुण्यातील रेणूचे थायोफीनचे आहे. पंचकोनी वलयातील नायट्रोजनाऐवजी गंधक आला आणि त्याबरोबर गटांची जोडणीही बदलली. पदवीच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी आपण पायरोल व थायोफीन यांची तुलना शिकवितो. ती तुलना प्रत्यक्ष औषध-संशोधनात कशी उतरते याचे हे जवळचे उदाहरण आहे.

प्राण्यांवरील प्रयोगांतील यश व रुग्णाला होणारा लाभ यांत मोठे अंतर असते, हे येथे विसरता कामा नये. अल्फा-७ ग्राहीतून कॅल्शियम मोठ्या प्रमाणात पेशीत शिरते. असंवेदीकरण फारच लांबविले तर पेशीला इजा होण्याची शंका असते. वर्धन किती असावे, हाही निवडकतेचाच प्रश्न आहे.

८. स्थानिक संदर्भ

(अ) सुपारीचा प्रश्न : आपल्याकडील मावा व गुटखा यांत तंबाखूसोबत सुपारी असते. सुपारीतील अरेकोलिन हे मस्करिनिक ग्राहींवर क्रिया करते हे पूर्वीपासून ज्ञात होते. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या फ्लोरिडा विद्यापीठातील संशोधनाने ते अल्फा-४ बीटा-२ ग्राहीवरही अंशतः क्रियाकारक असल्याचे दाखविले. म्हणजे मावा खाणाऱ्याच्या मेंदूतील एकाच ग्राहीवर दोन भिन्न वनस्पतींची अल्कलॉइडे येऊन पोहोचतात. केवळ सिगारेट ओढणाऱ्यांवर तपासलेली औषधयोजना त्याला जशीच्या तशी लागू पडेल असे गृहीत धरणे योग्य नव्हे. महाराष्ट्राने २०१२ मध्ये गुटखा व पानमसाला यांवर बंदी घातली आहे. परंतु तंबाखू व सुपारी स्वतंत्रपणे घेऊन एकत्र करणे कोणालाही शक्य असते.

(आ) शुद्धतेचा प्रश्न : २०२१ मध्ये व्हॅरेनिक्लिनच्या गोळ्यांत एन-नायट्रोसो-व्हॅरेनिक्लिन ही अशुद्धी मर्यादेपेक्षा अधिक आढळल्याने फायझरने त्या बाजारातून परत घेतल्या. व्हॅरेनिक्लिनमधील द्वितीयक अमाइनची नायट्राइटजन्य पदार्थांशी अभिक्रिया होऊन असे नायट्रोसामाइन तयार होऊ शकते. तंबाखूतील कर्करोगजनक द्रव्यांतही नायट्रोसामाइनांचे स्थान प्रमुख आहे. तंबाखू सोडविणाऱ्या गोळीत त्याच वर्गातील अशुद्धी सापडावी, हा मोठाच विरोधाभास होता. आपल्या औद्योगिक पट्ट्यात गुणवत्ता नियंत्रणाचे काम करणाऱ्या पदवीधराने हे उदाहरण लक्षात ठेवावे. ग्राहीच्या पातळीवर वर्षानुवर्षे साधलेली निवडकता उत्पादनातील अत्यल्प अशुद्धीमुळे निरर्थक ठरू शकते.

(इ) महाविद्यालयांची जबाबदारी : २००३ च्या कायद्याने शैक्षणिक संस्थांपासून १०० यार्डांच्या आत तंबाखूजन्य पदार्थांच्या विक्रीस मनाई आहे. या तरतुदीबरोबरच, सोडू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यास व कर्मचाऱ्यास मदतीचा मार्ग दाखविणे आवश्यक आहे. औषधे वैद्यकीय सल्ल्यानेच घ्यावयाची असतात व समुपदेशनाची जोड मिळाल्यास त्यांचा उपयोग वाढतो. १८००-११-२३५६ ही राष्ट्रीय तंबाखूमुक्ती दूरध्वनी सेवा यासाठी उपलब्ध आहे.

९. अध्यापनविषयक सूचना

आज प्रथिनांच्या संरचना विनामूल्य उपलब्ध आहेत व ऑटोडॉकसारख्या प्रणाली साध्या संगणकावर चालतात. त्यामुळे पदव्युत्तर प्रकल्पांत एखादा रेणू ग्राहीत ‘बसवून’ पाहणे सुलभ झाले आहे. ही संधी स्वागतार्ह आहे, परंतु तिच्या मर्यादा विद्यार्थ्यांपुढे ठेवल्या पाहिजेत. संगणकाने दिलेला आकडा रेणू किती घट्ट बसेल याचा केवळ अंदाज असतो. तो रेणू ग्राही उघडेल, अर्धवट उघडेल की अडवील, हे त्यावरून कळत नाही. निकोटिन, व्हॅरेनिक्लिन व रोपॅनिकँट हे तिन्ही रेणू अल्फा-४ बीटा-२ शी बांधले जातात. एकाने व्यसन लागते, दुसऱ्याने सुटण्यास मदत होते, तिसरा नैराश्यावर अजमावला जातो. म्हणून कोणताही प्रकल्प ‘हा रेणू औषध ठरेल’ या विधानाने संपवू नये. तोच रेणू स्नायू व गंडिका यांतील ग्राहींवरही तपासून तुलना मांडण्याची अट घातली, तर निवडकतेची कल्पना विद्यार्थ्याच्या मनात आपोआप रुजेल.

रसायनशास्त्र, प्राणिशास्त्र व मानसशास्त्र या विभागांनी हा विषय एकत्रितपणे शिकविल्यास त्याचे सर्व पैलू समोर येतील. मशेरी लावणाऱ्या महिलांचा प्रश्न समाजशास्त्राच्या अभ्यासकाशिवाय नीट समजणार नाही, हेही नमूद करावेसे वाटते.

१०. निष्कर्ष

(१) निकोटिनिक ग्राहींच्या सर्व उपप्रकारांतील मूळ पोकळी जवळजवळ समान असल्याने निवडकता ही सूक्ष्म फरकांवर अवलंबून असते. एका ॲमिनो आम्लाचा बदलही निर्णायक ठरू शकतो.
(२) निवडकतेच्या तीन पातळ्या दिसतात : रेणू कोणत्या उपप्रकारावर बसतो, तो ग्राही किती उघडतो आणि तो केव्हा कार्य करतो. व्हॅरेनिक्लिन दुसऱ्या पातळीचे, तर अल्फा-७ चे अन्यस्थानी नियंत्रक तिसऱ्या पातळीचे उदाहरण आहे.
(३) पूर्ण निवडक असा रेणू अद्याप दुर्मिळ आहे. औषधाचे मूल्यमापन त्याच्या इष्ट व अनिष्ट अशा सर्व स्थानांचा विचार करूनच करावे लागते.
(४) पुणे व हैदराबाद येथील कामावरून हे संशोधन भारतात होऊ शकते हे सिद्ध झाले आहे. धूररहित तंबाखू व सुपारी यांचा एकत्रित परिणाम हा प्रश्न मात्र विशेषत्वाने आपला आहे. त्याची उत्तरे इतरत्र तयार होऊन येतील अशी अपेक्षा धरता येणार नाही.
(५) उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर परिसरातील महाविद्यालयांकडे रसायनशास्त्राचे विद्यार्थी आहेत, शेजारी उद्योग आहेत आणि हा आरोग्यप्रश्न अवतीभवती आहे. पाठ्यपुस्तकातील वलये, प्रभार व समतोल यांचा या प्रश्नाशी असलेला संबंध वर्गात स्पष्ट झाला, तर त्यांतील काही विद्यार्थी पुढे या कामाकडे वळतील.